भागीदार शोधण्याआधी आपली आणेवारी तपासा

समाजबांधवहो,

पांढुर्णा जिल्हा व्हावा ही मागणी आपल्या भागात कित्येक वर्षांची. ऑगस्ट २०२३ मध्ये तशी घोषणा झाली आणि ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन आपला स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. आपण सर्वांनी आनंद केला, तो योग्यच होता. पण जिल्ह्याच्या पाटीसोबत आणखी एक गोष्ट आली. सडकेला लागून ज्याचे वावर आहे त्याच्या घरी पाहुणे वाढले. कोणी नागपूरहून, कोणी भोपाळहून, कोणी आपल्याच गल्लीतून येतो. चहा होतो, संत्र्याच्या भावाची चौकशी होते आणि मग मुद्दा निघतो : "भाऊ, विकू नका. भागीदारीत करू. जमीन तुमची, पैसा आमचा, प्लॉट पाडू, अर्धे-अर्धे."

हा प्रस्ताव वाईटच असतो असे मी म्हणत नाही. वावर विकून एकरकमी पैसा घेणाऱ्यांची काय गत झाली हे आपण पाहिले आहे. पैसा लग्नात, गाडीत आणि घराच्या दुसऱ्या मजल्यात गेला व पुढची पिढी दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागली. त्यापेक्षा जमीन हातात ठेवून धंद्यात हिस्सा घेणे शहाणपणाचेच आहे. माझे म्हणणे एवढेच की बाहेरचा भागीदार शोधण्याआधी आपल्यापैकी बहुतेकांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. आपण आधीच भागीदार आहोत. आपल्या खसऱ्यात आजोबांचे नाव आहे, किंवा काका, आत्या, चुलतभाऊ मिळून आठ-दहा नावे आहेत. ही न ठरवता झालेली, न लिहिलेली, न मोजलेली भागीदारी आहे. ती जोवर सरळ होत नाही तोवर नवी भागीदारी म्हणजे खचलेल्या पायावर दुसरा मजला.

सोळा आणे गाव

आपल्या वाडवडिलांना जमिनीतली भागीदारी नवी नव्हती. मालगुजारीच्या काळात गावाचे सोळा आणे मानले जात. कोणाकडे आठ आणे, कोणाकडे चार, कोणाकडे दोन आणे सहा पै. सर्व हिस्सेदारांच्या वतीने एक लंबरदार असे. तो सरकारात सारा भरी, वसुली पाही आणि उरलेला नफा आणेवारीप्रमाणे हिस्सेदारांना देणे त्याच्यावर बंधनकारक असे. लंबरदाराने हिशोब दिला नाही म्हणून हिस्सेदारांनी नफ्याचे दावे लावल्याची प्रकरणे त्या काळच्या कोर्टांत पुष्कळ झाली. म्हणजे भांडणे तेव्हाही होती. पण कोणाचे किती आणे, हा आकडा कागदावर होता. भांडण नफ्याचे असे, हिस्सा आहे की नाही याचे नसे.

१९५० च्या कायद्याने मालकी हक्क संपले आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. मालगुजारी गेली ते बरेच झाले, कुळांचा तो न्याय होता. पण तिच्यासोबत आणेवारी लिहून ठेवण्याची सवयही आपल्यातून गेली. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे व आपण इकडे राहिलो. जुने कागद मराठीत, नवे हिंदीत. आजोबांच्या पेटीतला मराठी वाटणीपत्राचा कागद नातवाने उघडून पाहिला नाही आणि तहसीलच्या हिंदी नोंदीत ती वाटणी कधी चढलीच नाही. आपल्यातल्या कित्येक घरांत आजही "वरचा पट्टा मोठ्याचा, नाल्याकडचा धाकट्याचा" एवढीच वाटणी आहे. ती धुऱ्यावर आहे, खसऱ्यात नाही.

आमच्याच घरची गोष्ट

दुसऱ्याचे सांगण्यापेक्षा घरचे सांगतो. १९९४ साली माझ्या वडिलांनी व त्यांच्या तीन मित्रांनी मिळून गावाबाहेर सडकेला लागून तीन एकर वावर घेतले. चौघांचे चार-चार आणे. रजिस्ट्रीच्या दिवशी एकजण म्हणाला, "नाव एकाचंच टाका. चौघांनी काहून खेटे घालायचे? आपण का परके आहोत?" आणि ज्याला त्या दिवशी सवड होती त्याच्या एकट्याच्या नावावर रजिस्ट्री झाली. कोणी किती दिले ते एका लाल वहीत लिहिले गेले. त्या वहीवर चौघांच्या सह्याही होत्या.

२००८ साली ते गृहस्थ अचानक वारले. फौती होऊन मुलांची नावे चढली. वडील व दोघे मित्र वही घेऊन गेले. मुलांनी वही पाहिली आणि म्हणाले, "काका, बाबांनी आम्हाला हे कधी सांगितलंच नाही." ते खोटे बोलत नव्हते. खरोखरच त्यांना कोणी सांगितले नव्हते. वकिलाकडे गेल्यावर कळले की १९८८ पासून बेनामी व्यवहाराविरुद्ध कायदा आहे आणि दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन आपली आहे असा दावा लावण्यालाच त्याने अटकाव केलेला आहे. काही अपवाद आहेत, पण ते सिद्ध करण्यात आयुष्य जाते. पाच वर्षे बोलणी चालली. शेवटी १९९४ चा मुद्दल तेवढा परत मिळाला. त्या वावरात आज प्लॉट पडले आहेत.

पैसा गेला त्याचे वडिलांना फार वाटले नाही. ज्या घरी ते रोज संध्याकाळी बसत त्या घरी जाणे बंद झाले, त्याचे वाटले. जाण्याआधी ते मला एवढेच म्हणाले, "पोरं खोटी नव्हती. आम्हीच कागद खरा केला नव्हता."

आधी आपले घर

म्हणून पहिले काम घरात करावे लागेल. ते तीन प्रकारचे आहे.

पहिले, फौती. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी खसरा व बी-१ मध्ये त्यांचेच नाव असेल तर तुम्ही कोणाशीही कसलाही करार करण्याच्या स्थितीत नाही. वारसांचे नामांतरण करून घ्या.

दुसरे, बहिणी. आपल्या समाजाला हे ऐकायला आवडत नाही, तरी सांगणे भाग आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हक्क तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या त्यातून सुटतात, पण धुऱ्यावरच्या तोंडी वाटणीला न्यायालय सहजासहजी मान देत नाही. बहीण वरूडला असो की पुण्याला, ती सहहिस्सेदार आहे. तिला न विचारता केलेला भागीदारीचा करार उद्या एका अर्जाने अडकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रक्षाबंधनाला ओवाळून घ्यायचे व तहसीलमध्ये तिचे नाव विसरायचे, हे आपल्यालाही शोभत नाही. ती हिस्सा घेईल, सोडेल किंवा धंद्यात ठेवील. तो निर्णय तिचा आहे.

तिसरे, बंटवारा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १७८ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून खाते फोडता येते. १७८-क प्रमाणे भूमिस्वामी आपल्या हयातीतच वारसांत वाटणी करून देऊ शकतो. आपल्यातले जे वडीलधारे आहेत त्यांनी या दुसऱ्या कलमाचा विचार जरूर करावा. तुम्ही असताना जे अर्ध्या तासात मिटेल ते तुमच्यामागे दहा वर्षे मिटणार नाही.

हे न केल्यास काय होते? सामाईक खात्यातला एखादा हिस्सेदार अडचणीत येतो आणि आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकतो. त्याला तसे करता येते. मग ज्याला तुम्ही कधी पाहिले नाही तो माणूस तुमच्या खात्यात तुमच्या शेजारी बसतो. तुम्ही भागीदार शोधला नाही तरी भागीदार तुम्हाला शोधत येतो. एकत्र वारसा मिळालेल्या निकटच्या वारसांना असा हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे. शेतजमिनीलाही तो लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. पण हक्क असून तो बजावायला हाताशी पैसा आणि घरात बोलणे, दोन्ही लागते.

तीन तऱ्हेचे भागीदार

घर नीट झाले की मग भागीदार पाहावा. तो तीन तऱ्हेचा असतो : जमीनवाला, पैसेवाला आणि पाय झिजवणारा. पटवारी, तहसील, नगर तथा ग्राम निवेश, बँक इथे खेटे घालणारा हा तिसरा माणूस सर्वांत मोलाचा असतो आणि भांडणही बहुधा त्याच्यावरूनच होते. कारण त्याचा मेहनताना कोणी ठरवलेला नसतो. तो मनातल्या मनात स्वतःच ठरवतो.

पैसेवाला आज बहुधा नागपूरकडून येतो, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मध्य प्रदेशात तशी अट नाही. त्यामुळे सावनेरच्या अलीकडे जे अडते ते पलीकडे मोकळे होते. नागपूरचा माणूस म्हणून त्याला वाईट ठरवू नका. आपले अर्धे सोयरे तिकडचेच आहेत. पण त्याच्याकडून तीन गोष्टी आल्या की सावध व्हा.

एक, तो आममुखत्यारपत्र मागतो. "तुम्हाला त्रास नको, सह्या मी करीन." मुखत्यारपत्र, करारपत्र व मृत्युपत्र अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सांगितले आहे. पण त्या मुखत्यारपत्रावर तो तुमच्या वतीने चाळीस लोकांना रजिस्ट्र्या करून देऊ शकतो आणि ते चाळीस लोक दाराशी तुमच्याच येतील.

दोन, तो म्हणतो, "डायव्हर्शन नंतर पाहू, आधी प्लॉट विकू." रेरा कायदा २०१६ चा आहे. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी वसाहत पाडून प्लॉट विकायचे तर भोपाळच्या रेराकडे नोंद लागते. प्लॉट पाडणारा एक व विकणारा दुसरा असेल तर दोघेही प्रवर्तक, दोघेही मिळून जबाबदार, असे त्याची व्याख्याच सांगते. "मी तर फक्त जमीन दिली" हे उत्तर तिथे चालत नाही. अनधिकृत ले-आऊटचे काय होते ते नागपुरात पाहा. महाराष्ट्राला त्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला, आणि रस्ता-नाली येईपर्यंत प्लॉट घेणाऱ्यांची एक पिढी चिखलात गेली. ते प्लॉट घेणारे कोण होते? आपल्यासारखेच नोकरीपेशा मराठी लोक.

तीन, तो म्हणतो, "शेजारची आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या नावाने घेऊन टाकू." इथे बोलणे थांबवावे आणि पाहुण्याला रस्ता दाखवावा. संहितेच्या कलम १६५ ने त्या जमिनीला संरक्षण दिले आहे आणि नाव उसने घेणे हा बेनामी कायद्याखाली तुरुंगाचा गुन्हा आहे. कायदा नसता तरी ज्या शेजाऱ्यासोबत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्याची जमीन अशी घेणे हे पाप आहे.

मगरपट्ट्याचे उदाहरण

भागीदारीचा विषय निघाला की पुण्याच्या मगरपट्टा सिटीचे नाव हमखास निघते. हडपसरच्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके शेअर घेतले आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. जमीन विकून बाहेर पडण्याऐवजी शेतकरी मालक राहिले.

पण हे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. त्यांच्या शेजारी वाढते पुणे होते, आपल्याला तशी मागणी नाही. चारशे एकर सोडा, पांढुर्ण्यात किंवा सौंसरात वर्षाला किती प्लॉट खरोखर राहण्यासाठी विकले जातात हे आधी मोजावे. बरीच खरेदी "पुढे भाव येईल" म्हणून होते आणि असा भाव एक दिवस थांबतो. तेव्हा बागायत मोडून प्लॉट पाडलेल्या जमिनीत ना संत्रा राहतो, ना घर. म्हणून मगरपट्ट्याकडून इमारती घेऊ नयेत, रीत घ्यावी. जवळच्या नातलगांनी आपापली जमीन मोजून, लिहून, एकत्र आणली तर बोलणी करताना हात वर राहतो. एक-एक एकरवाला सुटा गाठला की त्याला भाव पाडून मागतात. दहा एकरवाल्यांशी बोलताना पाहुणाही सांभाळून बोलतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले होऊ नये.

कोणी म्हणेल, "नात्यात धंदा केला की नाते तुटते." मला अनुभव उलटा आहे. नाते धंद्याने तुटत नाही, ते मोघमपणाने तुटते.

काय लिहून घ्यावे

करार वकिलाकडूनच करावा. पण वकिलाकडे जाण्याआधी भागीदारांनी एका बैठकीत एवढे तरी ठरवावे :

१) रजिस्ट्रीत सर्वांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा आकड्यात.

२) कोण किती पैसा, कधी देणार. सर्व देवाणघेवाण बँकेतून.

३) धावपळ करणाऱ्याचा मेहनताना किती.

४) विक्रीच्या कागदावर कोणाकोणाच्या सह्या लागतील. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एकटा भागीदार फर्मची स्थावर मालमत्ता आपल्या मर्जीने विकू शकत नाही, पण कागदात स्पष्ट असलेले बरे.

५) कोणाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरेल. आधी विचारणा आतल्या भागीदारांना.

६) भागीदार वारला तर काय. करारात काही लिहिले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडते.

७) वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा किंवा दसऱ्याला, सर्वांच्या समोर हिशोब. त्या दिवशी घरातल्या बायकांना व मोठ्या मुलांना बसवावे. आमची लाल वही मुलांसमोर एकदा जरी वाचली गेली असती तर पुढचे झाले नसते.

८) तंटा झाला तर पंच कोण.

आणि फर्म केली तर तिची नोंदणी करावी. नोंद नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्म मोडून हिशोब मागण्यापुरतीच वाट उरते.

आपल्या मंडळाने व पुढाऱ्यांनी काय करावे

शेवटी राजकारणाचे बोलतो, कारण हे पत्रक त्यासाठीच आहे. मते मागायला जे येतील त्यांना आपण समाजमंदिराचा सभामंडप मागतो. या वेळी तीन वेगळ्या गोष्टी मागाव्यात. जुन्या फौती व बंटवाऱ्याच्या अर्जांसाठी गावोगाव ठरावीक दिवशी शिबिरे. मंजूर व नामंजूर वसाहतींची यादी नगरपालिकेत व पंचायतींत दर्शनी भागात, सर्वांना वाचता येईल अशी. आणि जुने मराठी कागद वाचून त्यांचे हिंदीत प्रमाणित भाषांतर करून देणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशात मराठी ही हिंदीच्या जोडीने राजभाषा होती. त्या काळच्या कागदांना आज वाचणारा मागणे ही काही मेहेरबानी नव्हे.

मंडळानेही महिन्यातून एक दिवस ठेवावा. आपल्यातले निवृत्त पटवारी, शिक्षक, वकील त्या दिवशी बसतील आणि ज्याला आपले कागद दाखवायचे असतील तो दाखवील. खर्च चहाचा. जिल्हा आपल्याला मिळाला, पण जिल्ह्यातली जमीन आपल्या नावावर नीट लिहिलेली नसेल तर तो कोणाचा जिल्हा?

पुढच्या वेळी पाहुणा येऊन "अर्धे-अर्धे" म्हणाला की त्याला चहा जरूर द्यावा. पण उत्तर देण्याआधी पेटी उघडावी, खसऱ्याची नक्कल काढावी, भावाला व बहिणीला फोन करावा आणि आपल्या घरचे सोळा आणे पूर्ण भरतात की नाही ते मोजावे. ते भरले की मग पाहुण्याशी बोलावे.

समाजबांधवांनी व भगिनींनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.